सिंकचा उसासा

मागच्या दिवाळीनंतर सुलतानपूरच्या आमच्या घरात उभा ओटा झाला आणि ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलचं सिंक बसलं. सुलतानपूर म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं, लोणार तालुक्यातलं. मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालं की लोणारला वळायचा फाटा लागतो, ते गाव. सरोवर बघायला आलेले लोक इथे चहा पितात आणि पुढे जातात.

सिंक आलं त्याचं घरात कौतुक झालं. आठवडाभरात मात्र एक गोष्ट लक्षात आली. न्हाणीत कुणी बादली रिकामी केली की तिकडे स्वयंपाकघरातलं सिंक गुरगुरायचं, घशात घोट अडकल्यासारखं. मग पाच-दहा मिनिटांनी नालीचा वास यायचा. आजी दोन दिवस नुसती ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काहून गुरगुरते रे हे? मोरी तं कधी बोलली नाही."

मिस्तरीला फोन केला. तो म्हणाला, नवीन आहे, हप्ताभरात बसून जाईल. नळ्या बसत-बिसत नसतात, पण ते राहू द्या. मला आजीचं वाक्य सोडेना. खरंच, मोरी का बोलत नव्हती? शंभर वर्षं त्याच घरातलं पाणी त्याच गल्लीत जात होतं. वास आमच्या घरात आला तो नेमका आम्ही पाणी नळीतून, झाकून, नीटनेटकं बाहेर काढायला लागल्यावर. हे माझ्या डोक्यात फिरत राहिलं आणि त्यामागे मी बराच मागे गेलो. आधी आमच्या सिंकला काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

किराणा दुकानात तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना पाहिलाय का? दुकानदार एका कोपऱ्यात भोक पाडतो आणि लगेच समोरच्या कोपऱ्यात दुसरं, बारीक भोक. तेल पहिल्यातून येतं, दुसऱ्यातून काहीच येत नाही. तरी दुसरं पाडलं नाही तर डबा भकभक करत ओकतो. तेल बाहेर पडलं तर त्याच्या जागी हवा आत जायला पाहिजे. तिला वेगळा रस्ता दिला नाही तर ती तेलाच्याच रस्त्याने घुसते आणि दोघांची धक्काबुक्की होते. ती धक्काबुक्की म्हणजेच भकभक. आमच्या सिंकचं गुरगुरणं तेच.

आता वास. सिंकच्या खाली नळीला एक बाक दिलेला असतो. त्यात दोनेक इंच पाणी कायम साचून राहतं. प्लंबर त्याला ट्रॅप म्हणतात. वरून आलेलं पाणी त्यातून पुढे निघून जातं, पण नालीतली हवा उलटी घरात येऊ शकत नाही, कारण मध्ये पाण्याचा पडदा उभा असतो. दारात बसवलेला पहारेकरी म्हणा. पण हा पहारेकरी फार नाजूक. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण दहा मीटर उंच पाण्याच्या खांबाइतका असतो, आणि ट्रॅपमधलं पाणी दोन इंच. म्हणजे नळीतल्या दाबात दोनशेव्या हिश्श्याचा फरक पडला तरी पडदा हलतो. न्हाणीतून बादलीभर पाणी एकदम सुटतं तेव्हा ते नळी गच्च भरून पुढे धावतं आणि मागे सिरिंजचा दट्ट्या ओढल्यासारखी ओढ तयार होते. त्या ओढीला हवा हवी असते. ती जवळच्या सिंकच्या ट्रॅपमधून खेचली जाते, तिच्याबरोबर ट्रॅपचं पाणीही जातं. पहारेकरी गेला की दार उघडंच.

उपाय जुना आणि सोपा आहे. ट्रॅपच्या पुढे एक उभी नळी जोडायची आणि ती छपराच्या वर नेऊन उघडी सोडायची. तेलाच्या डब्याचं दुसरं भोक. हवा तिथून आत येते, कोंडलेली हवा तिथूनच वर जाते, ट्रॅप आपल्या जागी राहतो. पुस्तकात हिला व्हेंट म्हणतात, बांधकामावरची माणसं गॅस पाईप म्हणतात.

मराठीत मात्र याहून सुंदर शब्द आहे, आणि तो प्लंबिंगच्या खूप आधीचा आहे. उसासा.

बीडजवळ खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. तिचं पाणी मोटेने उपसत नाहीत. जमिनीखालच्या बोगद्यातून ते उताराने आपोआप शेतांकडे वाहत जातं. त्या बोगद्यावर ठिकठिकाणी जमिनीपर्यंत आलेली दगडी धुराडी आहेत. तीच उसासे. त्यांतून माणूस आत उतरून गाळ काढायचा, आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडायची. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर आणली तिलाही अशी तोंडं आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून पुण्याच्या हौदांपर्यंत दगडी नळ आणला. पुणेकर त्यावरच्या तोंडांना उच्छ्वास म्हणतात. उसासा हा त्याच संस्कृत शब्दाचा बोलीत झिजलेला अवतार.

इथे एक फरक सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल की आमच्याकडे हे सगळं आधीपासूनच होतं, आणि त्यातून व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड जन्माला येईल. हे उसासे पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचे होते, सांडपाण्याचे नव्हते. वास अडवण्याचा प्रश्नच तिथे नव्हता, ट्रॅपही नव्हता. पण त्या कारागिरांना एक गोष्ट पक्की माहीत होती: बंद वाटेने पाणी न्यायचं तर हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. आणि त्यांनी त्याला नाव दिलं ते यंत्राचं नाही, माणसाच्या छातीचं.

मग घरातल्या सांडपाण्यासाठी आपण असा उसासा का केला नाही? कारण गरजच नव्हती. मोरी आठवा. कोपऱ्यातला दोन-तीन फुटांचा चौकोन, भोवती बोटभर कठडा, भिंतीत एक भोक. पाणी भोकातून बाहेर पडून परसातल्या अळूला-केळीला, नाहीतर गल्लीतल्या उघड्या नालीला. सगळी वाट उघडी. पाण्यासोबत हवा वाटेल तशी जाऊ-येऊ शकते, ओढ तयार व्हायला जागाच नाही. म्हणून मोरी बोलत नव्हती. वास यायचा, नाही असं नाही, पण तो गल्लीत, सगळ्यांच्या वाट्याला सारखा. रात्री त्या भोकाला चिंध्यांचा बोळा लावायचे, साप-विंचू येऊ नये म्हणून. आमच्या घरातला पहिला ट्रॅप तो बोळाच.

मोरीची बाजू घेऊन मी गळा काढणार नाही. उकिडवं बसून भांडी घासण्यात आजीचे गुडघे गेले. उघड्या नालीत डास झाले. आणि ती नाली उपसायचं काम गावात कोणत्या वस्तीच्या वाट्याला यायचं हे सांगायची गरज नाही. वऱ्हाडातल्याच शेंडगावचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, ते उगाच नाही. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं तेव्हा आमच्याकडच्या गावांत नाल्यांवर पहिल्यांदा पैसा खर्च झाला.

मोरी घालवली ती मात्र अभियानाने नाही, गॅसने, असं माझं मत आहे. चुलीपुढे बाई बसते, म्हणून धुणं-भांडी-चिरणं सगळं जमिनीवर. सिलिंडर आला की शेगडी ओट्यावर चढते, शेगडीमागे बाई उभी राहते, आणि उभ्या बाईला भांडी घासायला खाली बसवणं बरोबर दिसत नाही. म्हणून सिंक. उज्ज्वला योजना २०१६ सालची. मग २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं, घरोघर नळ देण्यासाठी. शेगडी आली, नळ आला. त्या पाण्याने बाहेर कसं जायचं, हा विचार सगळ्यांत शेवटी, आणि तो बहुतेक मिस्तरीवर सोडलेला.

हा क्रम काही आपल्या गावाचा शोध नाही. मुंबईत नेमकं हेच झालं होतं. विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं १८६० मध्ये. पाणी आलं, वाड्या-चाळींतून ते सांडायला लागलं, आणि बाहेर न्यायला धड गटारं नव्हती. दोन इमारतींच्या मधल्या बोळात सगळ्या मजल्यांच्या मोऱ्या रिकाम्या व्हायच्या. त्या बोळाला अजूनही मुंबईत घरगल्ली म्हणतात. तिथली घाण काढणाऱ्यांना पालिकेच्या भाषेत हलालखोर हे नाव होतं आणि त्याच नावाचा कर नागरिकांकडून घेतला जायचा. पालिकेचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर हेक्टर टुलॉक यांनी १८७० च्या आसपास शहराच्या सांडपाण्यावर तपशीलवार लिहिलं. भुयारी गटारं घालायची तर कशी, पाणी कुठे सोडायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. नळ आधी, नाली नंतर, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

दरम्यान लंडनमध्ये लोक एका भुताला घाबरत होते. त्याचं नाव गटारातला वायू.

ट्रॅप तिथे जुना होता. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये वाकड्या नळीच्या शौचकुपाचं पेटंट घेतलं होतं. (घड्याळजी आणि गटार यांचा संबंध कसा आला, यावर वेगळा लेख होईल.) पण शहर वाढलं, घरोघर नळ्या आल्या आणि त्या थेट टेम्स नदीत जायला लागल्या. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीचा असा वास सुटला की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराईडमध्ये भिजवून लावावे लागले. तोवर आमदार-खासदारांच्या नाकापर्यंत प्रश्न गेला नव्हता. तो गेल्यावर लगेच पैसे मंजूर झाले आणि जोसेफ बॅझलगेट यांना भुयारी गटारांचं काम मिळालं. इथवर आपल्यालाही ओळखीचं वाटेल.

गंमत पुढे आहे. गटारं बंदिस्त झाली आणि भीती वाढली. त्या काळी बहुतेक डॉक्टरांना वाटायचं की रोग वासातून, दूषित हवेतून होतात. उघड्या नदीवरची हवा निदान विरून तरी जायची. आता तीच हवा नळ्यांत कोंडली गेली होती, आणि प्रत्येक नळीचं दुसरं टोक कुणाच्या तरी शयनगृहात होतं. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, युवराज एडवर्ड, स्कारबरोच्या एका बंगल्यात पाहुणा म्हणून राहिला आणि त्याला टायफॉईड झाला. तो वाचला. त्याच बंगल्यात उतरलेला चेस्टरफील्डचा उमराव आणि युवराजाचा मोतद्दार दगावले. संशय बंगल्याच्या गटारावर गेला. राजघराण्याच्या बंगल्यांत वायू शिरतो तर आपलं काय, म्हणून पैसेवाल्यांनी प्लंबर बोलावले.

त्या प्लंबरांपैकी एक, एस. स्टीव्हन्स हेलियर, याने १८७७ मध्ये घरातल्या प्लंबिंगवर पुस्तक लिहिलं. ट्रॅपचं पाणी कधी खेचलं जातं, कोणत्या आकाराचा ट्रॅप टिकतो, वर हवेची नळी दिली तर काय फरक पडतो, हे त्याने प्रयोग करून पाहिलं. मला हा माणूस आवडतो. मोठे डॉक्टर वायूवर व्याख्यानं देत होते, हा नळीत पाणी ओतून मोजत होता.

हाच विचार जहाजाने मुंबईत आला. दक्षिण मुंबईत जुन्या रस्त्यांच्या कडेला कधी उंच, नक्षीदार, ओतीव लोखंडी खांब दिसतो. दिवा नाही, तार नाही, नुसता पोकळ खांब. लोकांना तो जुना दिव्याचा खांब वाटतो. तो रस्त्याखालच्या गटाराचा उसासा आहे, वास लोकांच्या डोक्यावरून जावा म्हणून इतका उंच. कधी त्या बाजूला गेलात तर वर बघा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारचं पहिलं बोट कुठे गेलं असेल? गटाराकडे. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अॅसिड गटारांतून सोडलं गेलं. वायू मारायचा होता. त्याने प्लेग मेला नाही. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून येतो. म्हणजे गटारं धुताना आपण उंदरांना बहुधा घरांकडेच हाकललं. त्याच वर्षी मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तरी त्याच्या डोक्यात वायूच होता. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्ती कापून काढले, ते समुद्राचा वारा आतपर्यंत खेळावा म्हणून. अख्ख्या शहरालाच उसासा पाडला म्हणायचं. ज्यांची घरं त्या भोकाच्या जागी होती ते दुसऱ्या दाट वस्तीत गेले.

तर वायूचा सिद्धांत खोटा ठरला. टायफॉईड आणि पटकी पाण्यातून येतात, वासातून नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही इंजिनिअर म्हणायलाही लागले की या हवेच्या नळ्यांवर उगाच खर्च होतो. पण नळ्या टिकल्या. कारण हेलियरने मोजलेली गोष्ट खोटी नव्हती. पाणी हवेला ढकलतं, ओढतं, आणि ट्रॅप रिकामा होतो, हे रोग कशाने होतो यावर अवलंबून नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात रॉय हंटर या सरकारी संशोधकाने कोणत्या जाडीच्या नळीला किती सिंक जोडावेत आणि हवेची नळी किती लांब चालते याची मोजमापं घेतली. तसलेच हिशेब आज आपल्याकडच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही सापडतात.

खोट्या कारणासाठी केलेली बरोबर गोष्ट, असं या नळीबद्दल म्हणता आलं असतं. पण १९०७ मध्ये मेजर हॉरक्स नावाच्या लष्करी डॉक्टरने जिब्राल्टरमध्ये एक प्रयोग केला. लाल रंगामुळे लगेच ओळखू येणारे जंतू त्याने गटाराच्या पाण्यात सोडले आणि गटारातल्या, हवेच्या नळ्यांतल्या हवेत ते मिळतात का पाहिलं. मिळाले. पाणी फुटतं, बुडबुडे फुटतात, बारीक थेंब उडतात आणि हवेबरोबर वर चढतात. वायू रोग देत नव्हता हे खरं, पण वायूवर स्वार होऊन काहीतरी येऊ शकत होतं. तो प्रयोग मग बहुतेक जण विसरून गेले. त्याच्याकडे परत येतो.

आधी आमच्या घराचं. मेहकरला बांधकामांवर काम केलेला एक माणूस मिळाला. त्याने फरशीची एक कड काढून बघितलं. सिंकची दीड इंची नळी जमिनीखालून लांब जाऊन न्हाणीच्या तीन इंची नळीला मिळत होती आणि तिथून बाहेरच्या चेंबरला. सुरुवातीपासून शेवटापर्यंत हवेला एकही भोक नव्हतं. तो म्हणाला, सिंकच्या मागून दीड इंची नळी वर काढू, बाहेरच्या भिंतीने गच्चीवर नेऊ. बाबांनी विचारलं, "पण ह्या नळीतून पाणी तं जाणार नाही. मंग हिचे पैसे कशाचे?"

हा प्रश्न मला आजवर ऐकलेला सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. आपल्या गावांत, शहरांतसुद्धा, ही नळी गाळली जाते त्याचं कारण एवढंच आहे. तिच्यातून काही येताना-जाताना दिसत नाही. हार्डवेअरच्या दुकानात एक तोडगाही सुचवला गेला: सिंकखालीच बसवायची छोटी झडप. आत ओढ बसली की ती उघडून हवा घेते, एरवी बंद राहते. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात निघालेली युक्ती आहे, आणि जिथे छपरापर्यंत नळी नेताच येत नाही तिथे ठीक आहे. पण तिच्यातली रबराची चकती कधीतरी खराब होणार, आणि ती हवा आत घेते, कोंडलेली बाहेर सोडत नाही. आम्ही नळीच काढली.

तुमच्याकडे काम निघालं तर दोन-तीन गोष्टी बघा. हवेची नळी ट्रॅपच्या जवळ, त्याच्या पुढच्या बाजूला निघावी. सिंकच्या काठापेक्षा वर गेल्याशिवाय तिला आडवं वळवायचं नाही, नाहीतर कधी नाली तुंबली की खरकटं पाणी तिच्यातच चढतं आणि आत वाळून बसतं. वरचं टोक खिडकीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर हवं. आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळतात, म्हणून नळी माणसाच्या डोक्याच्या वर नेली. तोंडाला जाळीची टोपी बसवली, नाहीतर गांधीलमाशा घर करतात. पांढरी पीव्हीसी नळी उन्हाने ठिसूळ होते, तिला रंग द्या. संध्याकाळपर्यंत काम झालं. न्हाणीत बादली ओतली, सिंक गप्प.

हे सगळं करताना त्या माणसाने मागच्या शौचालयाच्या टाकीकडे बोट केलं. तिच्यावरही एक उभी नळी होती आणि तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. वास येतो म्हणून कुणीतरी बांधली होती. गावात मी नंतर मुद्दाम बघत फिरलो. अशा पिशव्या, अशा वीट ठेवलेल्या नळ्या बऱ्याच आहेत. टाकीत मैला कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाईड तयार होतो. दुसऱ्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच काम करेनासं होतं, वास येणं थांबतं, आणि माणसाला वाटतं आता ठीक आहे. टाकी भरल्यावर कुणाला तरी बोलावलं जातं. मैला वाहण्याचं काम माणसाकडून करून घ्यायला बंदी घालणारा, टाकीत-गटारात विनासाधन उतरवणं गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ चा आहे. तरी टाकीत माणसं मरतात. वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. नळी उघडी असली म्हणून टाकीत उतरणं सुरक्षित होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. टँकरने उपसा, एवढाच मार्ग. पण बांधलेली पिशवी पाहिली की मला घरगल्ली आठवते. वास आपल्याकडे येऊ नये एवढंच आपण बघतो, तो मग जिथे साचतो तिथे कुणाला जावं लागतं हे नाही.

पिशवी मी सोडली. दुसऱ्या दिवशी आमच्याच घरात कुणीतरी पुन्हा बांधली. मग ती नळी चार फूट वाढवली, तेव्हा विषय मिटला.

आता मेजर हॉरक्सकडे. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली. तीनशेहून जास्त लोक आजारी पडले, ४२ मेले. सगळ्यांत जास्त रुग्ण ई ब्लॉकचे. एक आजारी माणूस तिथे नातेवाइकाकडे येऊन गेला होता, त्याला जुलाब होत होते. पण एकमेकांना न भेटलेली, एकावर एक मजल्यांवरची माणसं आजारी कशी पडली? तपासात लक्ष न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळ्यांकडे गेलं. तिथले लोक न्हाणी पाण्याने धुण्याऐवजी पुसून घ्यायचे, त्यामुळे जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. त्यात न्हाणीघरात पंखा. पंखा लावला की तो बाहेरची हवा खेचायच्या ऐवजी कोरड्या ट्रॅपमधून गटाराच्या नळीतली हवा खेचायचा, आणि तिच्यासोबत बारीक थेंब. जिब्राल्टरच्या प्रयोगानंतर शहाण्णव वर्षांनी.

जमिनीतल्या त्या जाळीखालच्या ट्रॅपला भारतातल्या इंग्रजी बांधकाम-पुस्तकांत नहाणी ट्रॅप म्हणतात. आपली न्हाणीच ती. इंजिनिअरिंगच्या शब्दकोशात आपलं एवढं एक योगदान आहे, आणि ते फार उथळ असतं. त्यातलं थोडंसं पाणी उन्हाळ्यात भराभर आटतं. हवेची नळी दिलेली असली तरी आटतं, कारण इथे ते कुणी खेचत नाही, ऊन पितं.

आमच्या गल्लीत तीन घरं वर्षातले आठ-नऊ महिने बंद असतात. मुलं पुण्याला, चाकणला, म्हातारी माणसं त्यांच्याकडे. जाताना किल्ली शेजारी ठेवून जातात आणि तुळशीला पाणी घालायला सांगतात. त्यांतल्या एका घराची किल्ली आमच्याकडे असते. दर आठ दिवसांनी आई दोन तांबे घेऊन जाते, एक अंगणात तुळशीला, दुसरा आत जाऊन न्हाणीच्या जाळीत. दुसरा तांब्या कशाला, असं घरमालकिणीने फोनवर विचारलं, तेव्हा आईने सांगितलं, "थ्या जाळीतून नाली घरात येते काकू, पाणी राह्यलं तं येत नाही."